इंटर्नशिपचे पत्र आले, पण व्हिसा कोणता?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आशियातल्या निरनिराळ्या देशांत इंटर्नशिपसाठी निघालेल्या मुलामुलींची कागदपत्रे पाहून देण्याचे काम आम्ही काही जण करतो. या संधींविषयी शिक्षण पुरवण्यांत भरपूर छापून येते. स्टायपेंड किती, कंपनी कोणती, पुढे नोकरीला उपयोग किती, हे सगळे असते. तिथे उतरल्यावर पासपोर्टवर कोणता शिक्का बसणार, हे मात्र क्वचितच असते. खोली मिळणार का, बँकेत खाते उघडणार का, पगारातून किती कर कापला जाणार, शनिवार-रविवार जोडून शेजारच्या देशात जाऊन परत येता येणार का, हे सारे त्या शिक्क्यावरून ठरते. म्हणून जरा तपशिलात लिहितो आहोत.

‘टूरिस्ट म्हणून या, बाकीचं इथं आल्यावर बघू’ असे कंपनीच्या ईमेलमध्ये असेल, तर पुढचा पत्रव्यवहार थांबवावा. अलीकडच्या वर्षांत भारतीय पासपोर्टवर थायलंड आणि मलेशियात पर्यटनासाठी व्हिसाशिवाय उतरता येऊ लागले. इंडोनेशियात विमानतळावर ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, तर व्हिएतनामचा ९० दिवसांचा ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये घरबसल्या निघतो. ही सोय फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. तिच्यावर ऑफिसात बसणे हे बेकायदा काम ठरते, आणि पैसे मिळत नसले तरी बहुतेक देशांत ते कामच धरले जाते. पकडले गेल्यास दंड, परत पाठवणी आणि काही वर्षांची प्रवेशबंदी इंटर्नच्या वाट्याला येते, शिवाय विमा कंपनीला दावा फेटाळायला आयते कारण मिळते.

याच सोयीचा दुसरा, जास्त काळा उपयोगही होतो. थायलंडमध्ये ‘डेटा एन्ट्री’ किंवा ‘डिजिटल मार्केटिंग’चे काम म्हणून मुलांना बँकॉकला उतरवायचे आणि तिथून माए सोत सीमेवरून म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर न्यायचे, असा हा धंदा आहे. कंबोडिया आणि लाओसमध्येही असे अड्डे आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबद्दल इशारे दिले आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून अधिक भारतीयांना माए सोतहून परत आणावे लागले. अशा पत्रात काही गोष्टी हमखास दिसतात: मुलाखत फक्त चॅटवर, कामाचे स्वरूप मोघम, पगार अनुभवाच्या मानाने फार मोठा, तिकीट कंपनीच काढणार आणि ‘आमचा माणूस विमानतळावर घ्यायला येईल’. खऱ्या कंपनीला इंटर्नच्या व्हिसाचा प्रकार नावानिशी सांगता येतो.

तो प्रकार देशागणिक वेगळा असतो. जपानचे नियम त्यातल्या त्यात स्पष्ट आहेत. पगारी इंटर्नशिपला ‘डेझिग्नेटेड अ‍ॅक्टिव्हिटीज’ हा निवासाचा दर्जा लागतो. बिनपगारी आणि ९० दिवसांहून जास्त असेल तर ‘कल्चरल अ‍ॅक्टिव्हिटीज’, आणि बिनपगारी पण ९० दिवसांच्या आत असेल तर अल्प मुदतीचा व्हिसा पुरतो. पगारी प्रकारात विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात लेखी करार हवा आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असायला हवी. त्यामुळे पदवी पूर्ण झाली की हा मार्ग बंद होतो. शेवटच्या सत्रानंतरची ‘ऑफर’ घेऊन बसलेल्या अनेकांना हे तिकिटाच्या वेळी कळते. कंपनीने जपानच्या इमिग्रेशन कार्यालयात ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’साठी अर्ज करायचा, त्याला एक ते तीन महिने लागतात, आणि ते प्रमाणपत्र निघाल्यापासून तीन महिनेच चालते. वकिलातीतला व्हिसा त्यानंतर. म्हणजे जूनमध्ये रुजू व्हायचे तर सगळे कागद जानेवारीअखेर कंपनीच्या हाती पोचलेले बरे.

सिंगापूरमध्ये ‘ट्रेनिंग एम्प्लॉयमेंट पास’ असतो. अर्ज कंपनीच करते, मुदत जास्तीत जास्त तीन महिने, आणि नूतनीकरण नाही. विद्यार्थ्याची संस्था तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला मान्य असावी लागते किंवा महिन्याचा ठरलेला पगार किमान ३,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो. इंटरनेटवर ‘वर्क हॉलिडे पास’चे गोडवे गाणारे बरेच सापडतात, पण तो ठरावीक देशांतल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. इंडोनेशियात शैक्षणिक इंटर्नशिपसाठी सी २२ए आणि कंपनीतल्या प्रशिक्षणासाठी सी २२बी असे व्हिसा आहेत. मलेशियात ‘प्रोफेशनल व्हिजिट पास’ लागतो. थायलंडसाठी ‘नॉन-इमिग्रंट’ गटातला व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा.

कागदपत्रांत आपल्याकडच्या मुलांची एक खास अडचण होते. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव अशी रीत आहे, तर पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत असते. महाविद्यालयाचे बोनाफाइड गुणपत्रिकेच्या क्रमाने निघते, कंपनी त्यावरून अर्ज भरते, आणि वडिलांचे नाव मुलीचे आडनाव होऊन बसते. मग अर्जावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, आणि दुरुस्तीत महिना जातो. यावर उपाय सोपा आहे. बोनाफाइड, ना-हरकत पत्र आणि करार या तिन्हींवर पासपोर्टच्या क्रमानेच नाव आणि सोबत पासपोर्ट क्रमांक घालून घ्यावा. पदवी किंवा गुणपत्रिकेवर अपोस्टिल, म्हणजे तो कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे सरकारी प्रमाणन, मागितले असेल तर आधी राज्य शासनाकडून पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर, या क्रमाने जावे लागते. सिंगापूरने सप्टेंबर २०२१ पासून आणि इंडोनेशियाने जून २०२२ पासून अपोस्टिल स्वीकारायला सुरुवात केली. त्याआधीच्या माहितीवर विसंबून वकिलातीच्या शिक्क्यासाठी पैसे घेणारे एजंट अजून आहेत.

निघण्याच्या आठवड्यात डिजिटल आगमन कार्ड भरायचे असते. थायलंड, सिंगापूर आणि मलेशिया या तिन्ही देशांत ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरता येते आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. शोधल्यावर सर्वांत वर दिसणारे संकेतस्थळ बहुधा पैसे उकळणारे असते.

पोचल्यावर पत्ता नोंदवणे हे ज्याला त्याला किरकोळ वाटते आणि नेमके तेच पुढे नडते. जपानच्या मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड हातात मिळते. घर ठरल्यापासून १४ दिवसांत त्या भागातल्या नगरपालिका कार्यालयात जाऊन कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा. तो नसेल तर फोन नंबर नाही, बँक नाही आणि राष्ट्रीय आरोग्य विमाही नाही. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना हा विमा काढावाच लागतो, आणि तो असला की दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच खिशातून जातात. चीनमध्ये हॉटेलबाहेर राहणाऱ्याने २४ तासांत पोलीस ठाण्यात नोंद करायची. कोरियात ९० दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर त्या ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून कार्ड घ्यायचे. थायलंडमध्ये परदेशी माणूस राहायला आल्याची खबर ‘टीएम ३०’ अर्जाने २४ तासांत द्यायची असते, पण ती घरमालकाने. घरमालक ‘हो, हो’ म्हणतो आणि करत नाही. मुदतवाढीच्या दिवशी इमिग्रेशनच्या खिडकीवर ती पावती मागतात, तेव्हा पळापळ होते. भाडेकरारावर सही करतानाच पावतीची प्रत मागावी. सलग ९० दिवस झाले की ‘टीएम ४७’ अर्जाने पत्ता कळवण्याची हजेरी असते, ती मात्र स्वतः लावायची.

खोलीच्या बाबतीत सिंगापूरचे उदाहरण बघण्यासारखे आहे. तिथली बहुसंख्य वस्ती एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत. त्यातली खोली किमान सहा महिन्यांसाठीच भाड्याने देता येते, आणि परदेशी भाडेकरूच्या पासची मुदतही किमान तेवढी असावी लागते. इंटर्नचा पास तीन महिन्यांचा. म्हणजे एचडीबीतली खोली त्याला कायदेशीरपणे मिळूच शकत नाही. तरीही जाहिराती असतात, भाडे कमी असते, मुले भुलतात, आणि तपासणी झाली की एका रात्रीत सामान उचलावे लागते. खासगी इमारतींत किमान मुदत तीन महिने आहे. त्याहून कमी काळासाठी वसतिगृह किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंट हेच पर्याय उरतात. जपानमध्ये रीतसर भाड्याच्या घराला डिपॉझिट, घरमालकाला द्यायचे, परत न मिळणारे ‘रेइकिन’, एजंटची दलाली आणि जामीनदार कंपनीची फी असे सगळे मिळून सुरुवातीलाच तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे जातात, आणि खोलीत कधी कधी दिवासुद्धा नसतो. सहा महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला शेअर हाउस बरे. कोरियात ‘गोशिवॉन’ मिळते. खोली अगदी चिंचोळी, पण मोठे डिपॉझिट नसते. घ्यायचीच झाली तर खिडकीची घ्यावी, थोडे पैसे जास्त पडले तरी. बँकॉकमध्ये दोन महिन्यांचे डिपॉझिट मागण्याची रीत आहे. तिथे विजेचा दर करारात बघावा. अनेक इमारतींत तो सरकारी दराच्या जवळपास दुप्पट लावतात आणि एसीच्या बिलाने भाड्यातली बचत संपते.

पैशांचे गणित पहिल्या पगाराच्या तारखेपासून मांडावे. जपानी कंपन्यांत महिनाअखेर हिशेब करून पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला पगार देण्याची पद्धत सर्रास आहे. १ जूनला रुजू झालेल्याला पहिला येन २५ जुलैला दिसतो. दोन महिन्यांचा खर्च बरोबर हवा, डिपॉझिट वेगळे. सहा महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्याला बहुतेक जपानी बँका साधे खाते देत नाहीत, म्हणून पगार कसा देणार हे आधीच लेखी विचारावे. एक वर्षाहून कमी काळासाठी आलेला माणूस करदृष्ट्या अनिवासी धरला जातो आणि पगारातून सरसकट २०.४२ टक्के कापले जातात. पत्रातला आकडा हा कापण्याआधीचा असतो, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे. सिंगापूरमध्ये ६० दिवसांपर्यंतच्या नोकरीवर अनिवासी माणसाला कर नाही. ६१ ते १८२ दिवसांत १५ टक्के किंवा निवासी दराने येणारा कर, यातला जो जास्त तो भरावा लागतो. नोकरी संपताना कंपनीला करखात्याला कळवून शेवटचे देणे काही काळ रोखून धरावे लागते. परतीच्या तिकिटाचे पैसे त्या शेवटच्या पगारातून काढायचा बेत आखू नये.

भारतीय डेबिट-क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार ३.५ टक्क्यांपर्यंत असतो. थायलंडमधली एटीएम यंत्रे दर वेळी २०० बाटहून जास्त शुल्क घेतात, त्यामुळे थोडे थोडे काढणे महाग पडते. यंत्राने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत आकारू का?’ असे विचारले तर नाही म्हणावे, स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा तो दर त्यांच्या सोयीने लावलेला असतो. आणि भारतातले सिम बंद पडू देऊ नये. ओटीपी त्याच नंबरवर येतात. रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून, एखादा व्यवहार करून पाहावा.

औषधांच्या पिशवीकडे घरून निघतानाच नीट बघायला हवे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन, झोपेच्या गोळ्या आणि एकाग्रतेसाठीची काही औषधे जपान, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित किंवा बंद आहेत. जपानमध्ये महिनाभरापेक्षा जास्त पुरेल इतके औषध न्यायचे तर आधी ‘युन्यू काकुनिन्शो’ हे मंजुरीपत्र काढावे लागते. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यावर औषधाचे मूळ नाव, आणि गोळ्या मूळ पाकिटात ठेवाव्यात. आई प्रेमाने डब्यात भरून देते त्या मसाल्यात खसखस असेल तर तीही काढावी, कारण अमिरातीत तिला बंदी आहे आणि सिंगापूरमध्ये परवानगीशिवाय नेता येत नाही. व्हेप म्हणजे ई-सिगारेट सिंगापूर, थायलंड आणि हाँगकाँगला अजिबात नेऊ नये.

दक्षिण-पूर्व आशियात इंटर्न मुलांना सर्वांत जास्त रुग्णालयात पोचवते ती भाड्याची स्कूटर. दुकानदार परवाना विचारत नाही, पासपोर्ट ठेवून घेतो आणि चावी देतो. अपघातानंतर विमा कंपनी मात्र पहिला तोच कागद मागते. भारतीय परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग हवा आणि आंतरराष्ट्रीय परमिटवरही तो वर्ग आलेला हवा. फक्त चारचाकीचे परमिट दुचाकीला चालत नाही. भारतात मिळणारे परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराचे आहे. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचे परमिट मानतो, त्यामुळे तिथे आपले परमिट असूनही कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालवणेच होते. तिथे मागे बसून जाण्याच्या अ‍ॅप टॅक्सी स्वस्त आहेत, त्या घ्याव्यात. पॉलिसी घेताना दुचाकी, पूर्ण मुदत आणि इंटर्नशिपचे काम या तिन्हींचा समावेश शब्दांत आहे का, ते पाहावे. नुसती पर्यटन पॉलिसी कामाच्या जागी झालेली इजा बऱ्याचदा वगळते. लसींचे म्हणाल तर बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकड किंवा कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करावे. डेंगीची शंका असताना तापाला पॅरासिटामॉलच घ्यावे. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता भटकंती. ती करावीच, पण पुन्हा शिक्का आठवून. थायलंडमध्ये वाढवून घेतलेली मुदत देशाबाहेर पाऊल टाकताच रद्द होते. ती टिकवायची तर बाहेर पडण्याआधी रि-एन्ट्री परमिट घ्यावे लागते, एका फेरीला १,००० बाट आणि अनेक फेऱ्यांना ३,८००. सुवर्णभूमी विमानतळावरही ते मिळते, मात्र हाताशी वेळ ठेवावा. जपानमध्ये हीच गोष्ट फुकट आहे. रेसिडेन्स कार्ड असलेल्याने विमानतळावर प्रस्थानाच्या कार्डावर ‘स्पेशल रि-एन्ट्री’च्या चौकटीत खूण करायची आणि वर्षाच्या आत, किंवा मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर, परतायचे. खूण राहिली तर दर्जाच संपतो. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० दंड आहे, तर इंडोनेशियात दिवसाला १० लाख रुपिया. तारीख शिक्क्यावरची मोजावी, व्हिसावरची नव्हे. ‘या तारखेपूर्वी प्रवेश करा’ आणि ‘या तारखेपर्यंत राहा’ यांतली गल्लत फार जणांची होते.

जपान रेल पासचे नाव सगळ्यांना माहीत असते, पण तो ‘टेम्पररी व्हिजिटर’चा शिक्का असलेल्यांनाच वापरता येतो. रेसिडेन्स कार्डवाल्या इंटर्नला तो चालत नाही. चुकल्यासारखे वाटून घेण्याचे कारण नाही, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत ५०,००० येन झाल्यापासून तो फारसा परवडतही नाही. सुट्ट्यांच्या हंगामात निघणारे ‘सेइशुन १८’ तिकीट कोणत्याही वयाला आणि कोणत्याही व्हिसाला मिळते. सलग तीन दिवसांचे १०,००० आणि पाच दिवसांचे १२,०५० येन. फक्त साध्या गाड्या, त्यामुळे टोकियो ते ओसाका गाड्या बदलत साधारण नऊ तास लागतात, पण गावे दिसतात.

एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंत जपानचा सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक, १३ ते १५ एप्रिल थायलंडचे नववर्ष सोंगक्रान, व्हिएतनामचे नववर्ष तेत आणि १ ऑक्टोबरपासूनचा चीनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा या काळात तिकिटे मिळत नाहीत आणि इमिग्रेशन कार्यालयेही बंद राहतात. मुदतवाढ याच सुमारास येत असेल तर आधी उरकावी. बालीत न्येपी या मौनाच्या सणादिवशी विमानतळच २४ तास बंद असतो. चीनला जाणाऱ्यांनी पैसे देण्याचे अलिपे किंवा वीचॅट हे अ‍ॅप घरी असतानाच कार्डाला जोडून पडताळणी करून घ्यावी, तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालत नाही. कोरियात पायी रस्ता शोधायला नेव्हर किंवा काकाओचा नकाशा वापरावा.

कंपनीने ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नये. पासपोर्ट कायद्यानुसार तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. त्याची आणि व्हिसाची प्रत घरी, ईमेलवर आणि सामानात अशी तीन ठिकाणी असावी. परतताना जपानमध्ये नगरपालिकेत स्थलांतराची नोंद करावी, आरोग्य विम्याचा हिशेब मिटवावा आणि कार्ड विमानतळावर परत करावे. इंटर्नशिप पूर्ततेचे प्रमाणपत्र मात्र निघण्याच्या दोन आठवडे आधी मागावे. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास आणि पासपोर्टप्रमाणे नाव असावे. परत आल्यावर त्यातली चूक दुरुस्त करून घेणे म्हणजे दिवसेंदिवस ईमेल पाठवत बसणे.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना आमची विनंती एवढीच आहे की, ना-हरकत पत्रावर सही करण्याआधी कंपनीकडून एका पानावर चार गोष्टी लेखी घ्याव्यात: व्हिसाचा नेमका प्रकार, त्याचा अर्ज कोण आणि कधी करणार, पगार कोणत्या तारखेला व कसा मिळणार, आणि अपघात झाला तर खर्च कोणाचा. जी कंपनी हे पान भरून देत नाही, तिचे नाव सूचना फलकावर लावू नये.

आपले,
परदेशी इंटर्नशिपच्या कागदपत्रांत विद्यार्थ्यांना मदत करणारे काही वाचक